प्रभातफेरीच्या पुढे : आठवी-नववीच्या मुलांच्या हाती गावाचं काम कसं द्यायचं

पावसाळा लागला की शाळेत डेंग्यूच्या जनजागृती फेरीची तयारी सुरू होते. घोषणा शिक्षक ठरवतात, फलक शिक्षक रंगवून घेतात, पुढे कुणी चालायचं तेही शिक्षकच सांगतात. पाऊण तासात फेरी गावातून फिरून येते, फोटो निघतात, अहवाल लिहिला जातो. विज्ञान शिकवणारी बाई म्हणून मी अशा फेऱ्या बरीच वर्षं काढल्या. एका वर्षी फेरीहून परतताना नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, आपण डास पळवा म्हणतो, पण आपल्या गावात ते होतात कुठे?" मी सवयीनं म्हणाले, "गटारात." ती म्हणाली, "आपण गटारात बघितलं का?"

आम्ही बघितलं नव्हतं. त्या प्रश्नामागे जात वर्गानं पुढचे चार महिने जे काम केलं, त्यातून आणि नंतरच्या वर्षांतल्या चुकांतून ही पद्धत तयार झाली. माध्यमिक शाळेतले शिक्षक, पालक आणि गावपातळीवर काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी ती इथे लिहिते आहे. उदाहरण डासांचं घेतलंय, कारण ते काम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. तुमच्या मुलांचा प्रश्न वेगळा निघेल आणि तो वेगळाच निघायला हवा.

आधी मोठ्यांनी स्वतःशी ठरवायचं

रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाच्या तीन पायऱ्या अशा: मुलांना आपल्या हेतूसाठी वापरून घेणं, त्यांना शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं सामील करून घेणं. या तिन्हींना सहभाग म्हणायचंच नाही, असं हार्ट सांगतात. आपली फेरी, पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या केलेल्या मुली, शिक्षकांनी लिहून दिलेलं आणि मुलानं पाठ केलेलं भाषण, हे सगळं बहुतेक वेळा त्या तळाच्या तीन पायऱ्यांवरच असतं. वरच्या पायऱ्यांवर मुलांना सगळी माहिती असते, त्यांचं मत विचारलं जातं आणि निर्णयात त्यांचा खरा वाटा असतो.

"एवढ्या लहान वयात काय नेतृत्व?" असं कुणी विचारलं की मी मुक्ता साळवेचं नाव घेते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली ही विद्यार्थिनी. १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आजच्या हिशेबानं आठवी-नववीतली मुलगी. तिचा विषय तिच्या जगण्यातून आलेला होता. तिची शाळा मुलांना धीटपणे विचार करायला शिकवत होती, हेही तितकंच खरं.

एक सूत्र पक्कं करून कामाला लागा: निर्णय मुलांचे, जोखीम मोठ्यांची. कोणता प्रश्न घ्यायचा, कुणाशी बोलायचं, काय मागायचं, हे मुलं ठरवतील. कुणी रागावलं, काही बिघडलं, कुणी शाळेत जाब विचारायला आलं, तर पुढे शिक्षक उभे राहतील. आपल्याकडे नेमकं याच्या उलट होतं. निर्णय मोठे घेतात आणि काही चुकलं की "मुलांनी केलं" म्हणून मोकळे होतात. मुख्याध्यापकांशी हे बोलणं गट बांधण्याआधीच व्हायला हवं. त्यांची तयारी नसेल, तर एका वर्गापुरतं छोटं काम घ्या, पण हे सूत्र सोडू नका.

गट बांधणं

जूनच्या शेवटी, प्रवेशाची आणि पुस्तकांची धावपळ संपली की सुरुवात करा. मुख्य जबाबदारी आठवी-नववीच्या मुलांकडे द्या. दहावीच्या मुलांवर बोर्डाचं ओझं असतं. त्यांना सल्लागार म्हणून महिन्यातून एकदा बोलवा, ती आवडीनं येतात.

पंधरा ते वीस मुलं पुरेत. हुशार मुलांची यादी करू नका. सगळ्या वर्गाला आवाहन करा आणि आलेली नावं समोर ठेवून तीन गोष्टी तपासा. गावातल्या प्रत्येक आळीतलं आणि प्रत्येक वस्तीतलं कुणी आहे का? विशेषतः गावाबाहेरच्या वस्तीतलं, मळ्यात राहणारं, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं? मुली निम्म्या आहेत का? आणि वर्गात कधीच हात वर न करणारी निदान चार-पाच मुलं आहेत का? नसतील तर त्या मुलांकडे स्वतः जा आणि एकेकाला विचारा. सगळ्यांदेखत विचारलं तर ती नाहीच म्हणतील.

पालकांची बैठक घ्या आणि लेखी संमती घ्या. पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात: अभ्यासाचं काय आणि मुलगी घरी किती वाजता येईल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, त्यांना सरळ उत्तर द्या. आम्ही शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावरचा दीड तास ठरवला. चाचणी आणि सत्र परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात काम बंद. बाहेर पडायचं ते दिवसाउजेडीच आणि तीन-चार जणांच्या तुकडीनं. एवढं कागदावर दिलं की बहुतेक पालक राजी होतात.

वर्गमंत्र्यासारखा कायमचा पुढारी निवडू नका, यावर मी ठाम आहे. कायमचा पुढारी नेमला की बाकीची मुलं पहिल्याच आठवड्यात पाय मागे घेतात. कामं वाटा आणि दर महिन्याला फिरवा: बैठक चालवणारा, नोंदी लिहिणारी, वेळ सांभाळणारा, बाहेरच्या माणसांशी बोलणारी, साहित्य आणि पैशांचा हिशेब ठेवणारा. वाटप होताना नीट बघत राहा. काही सांगितलं नाही तर झाडू मुलींच्या हातात आणि माइक मुलांच्या हातात जातो, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही. तो अनुभव त्यांनाच वहीत मोजायला सांगा: आज कोण किती वेळा बोललं? दोन-तीन बैठकांतच मुलं आपणहून वाटप बदलतात.

शिक्षकानं बैठकीत मागच्या बाकावर बसायचं. प्रश्न आला की मनात दहापर्यंत अंक मोजायचे आणि मगच तोंड उघडायचं. मला हे फार अवघड गेलं. आपल्याला उत्तर माहीत असतं, घड्याळ पुढे सरकत असतं आणि मुलं भलत्याच वाटेला लागलेली असतात. तरी थांबायचं. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या अंकाला कुणीतरी बोलतं आणि ते बोलणारं मूल तुम्हाला अपेक्षित असलेलं नसतं.

प्रश्न निवडणं

पहिल्या बैठकीत मैदानावर रांगोळीनं किंवा चुन्यानं गावाचा नकाशा काढायला लावा. ओढा, देऊळ, समाजमंदिर, पाण्याची टाकी, दुकानं, वस्त्या. मग प्रत्येकानं घरून शाळेपर्यंतची आपली वाट खडूनं काढायची आणि जिथे त्रास होतो तिथे खडा ठेवायचा. कुठे कुत्री अंगावर येतात, कुठे पावसाळ्यात चिखलातून जावं लागतं, कुठे पारावर बसलेली मुलं शेरे मारतात. कोणत्याही छापील प्रश्नावलीतून निघणार नाही इतकं गाव या खड्यांतून दिसतं. मुली आणि मुलांचे खडे वेगळ्या रंगाचे ठेवा. दोन्ही रंग एकाच ठिकाणी क्वचित पडतात.

त्यातून दहा-बारा प्रश्नांची यादी होते. प्रत्येक प्रश्नाला तीन गोष्टी विचारायच्या. हे आपण स्वतः पाहिलंय की नुसतं ऐकलंय? दिवाळीपर्यंत यात डोळ्यांना दिसेल असा काही फरक पडेल का? यात हात घातला तर आपल्यापैकी किंवा गावातल्या कुणाला इजा होईल का? उरलेल्या प्रश्नांवर चिंचोक्यांनी मत द्यायचं. प्रत्येकाला तीन चिंचोके, हवे तर तिन्ही एकाच प्रश्नाला. हात वर करून मत घेऊ नका. दांडगी मुलं कुणाकडे बघतात, तिकडे बाकीचे हात वळतात.

काही प्रश्न यादीत येतील, पण ते मुलांच्या खांद्यावर द्यायचे नसतात. एखाद्या मैत्रिणीचं ठरलेलं लग्न, घरातली मारहाण, दारूचा अड्डा, कुणी केलेला लैंगिक त्रास. हे प्रश्न मुलं मांडतात, कारण त्यांचा तुमच्यावर विश्वास बसलेला असतो. त्या विश्वासाला जागायचं म्हणजे ते काम मोठ्यांनी आपल्या हातात घ्यायचं. लग्नाला मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली आपल्या राज्यात गावासाठी ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हेच प्रतिबंध अधिकारी आहेत. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा (चाइल्ड हेल्पलाइन) क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर ती पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, शिक्षकालाही. "आधी घरच्यांशी बोलून बघू" म्हणत वेळ घालवू नका.

आमच्या मुलांचे सर्वाधिक चिंचोके तापाच्या साथीला पडले. त्या वर्षी गटातल्या तिघांच्या घरी डेंग्यूचा रुग्ण होता.

माहिती गोळा करणं, म्हणजे कामाचा कणा

इथे घाई करू नका. सगळ्या कामातला हाच भाग मुलांना खरं बळ देतो. पंधरा वर्षांच्या मुलाचं मत गावात कुणी ऐकत नाही, पण त्यानं घरोघरी जाऊन मोजलेला आकडा सहज उडवून लावता येत नाही.

आधी विषयाचं शिक्षण. आम्ही आशाताई आणि उपकेंद्रातल्या आरोग्यसेवकांना वर्गात बोलावलं. वर्षानुवर्षं फेरीत चुकलेली गोष्ट तिथे पहिल्यांदा नीट समजली. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही, तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. गटारातल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स वेगळा, त्याच्यामुळे हत्तीरोग पसरतो. एडिसच्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो. त्याची मादी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेजवळ अंडी घालते आणि ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून भांडं नुसतं ओतून चालत नाही, आतून घासावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, त्यामुळेच आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून घासायचा दिवस, पाळायला सांगतं.

मग कंटेनर सर्वेक्षण. आरोग्यसेवक हे काम नेहमी करतात, त्यांच्याबरोबर दोन दिवस फिरून मुलं शिकली. साहित्य अगदी थोडं लागतं: विजेरी, पांढरी ताटली, पळी, वही. तुकडी घरी जाते, परवानगी मागते आणि घरातल्या माणसाबरोबरच पाण्याची भांडी बघते. रांजण, माठ, पिंप, न्हाणीतला हौद, छतावरची टाकी, जनावरांची डोणी, कूलर, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, परसातले टायर आणि करवंट्या. पाण्यावर विजेरीचा उजेड पाडला की अळ्या वळवळत खाली जातात. थोडं पाणी ताटलीत घेतलं की अळी स्पष्ट दिसते.

वहीत रकाने एवढेच: घर क्रमांक, किती भांडी पाहिली, किती भांड्यांत अळी, भांड्याचा प्रकार, पाणी किती दिवस साठवलेलं. कुटुंबाचं नाव लिहायचं नाही. घरक्रमांक आणि नाव जोडणारी यादी फक्त शिक्षकाकडे. "अमक्याच्या घरात अळ्या" हे गावभर झालं की दुसऱ्या दिवशी एकही दार उघडत नाही, आणि ज्यांचं दार आधीच सगळ्यांच्या नजरेत असतं त्यांना सर्वांत जास्त भोगावं लागतं. मोबाइलवर फोटो काढायचा तर फक्त भांड्याचा, माणसाचा नाही.

सुरक्षेचे नियम तोंडी सांगून सोडू नका, लिहून दरवाज्यावर लावा. विहिरीत, बंधाऱ्यात, ओढ्यात डोकावायचं नाही. शिडीवर किंवा छतावर मुलांनी चढायचं नाही, टाकी घरातल्या मोठ्या माणसानं बघायची. अॅबेट म्हणजे अळीनाशक औषध फक्त आरोग्यसेवकच टाकतील. घरात एकटा पुरुष असेल तर आत जायचं नाही. तापाचा रुग्ण दिसला तर सल्ला द्यायचा नाही, आशाताईंना कळवायचं.

गणिताच्या तासाला हीच वही उघडा. समजा १२० घरं पाहिली आणि १८ घरांत अळ्या सापडल्या, तर घर निर्देशांक १५ टक्के. पाहिलेल्या ४०० भांड्यांपैकी ३० भांड्यांत अळ्या, तर भांड्यांचा निर्देशांक साडेसात टक्के. आणि दर १०० घरांमागे अळी असलेली भांडी मोजली तर २५, याला ब्रेट्यू निर्देशांक म्हणतात. तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि त्यातला कोणता आकडा गावासमोर ठेवायचा यावर मुलांनी वाद घालावा. आमच्याकडे त्यावर दोन शनिवार गेले. ते शनिवार मी वाया गेलेले मानत नाही.

"असं का?" हे थकेपर्यंत विचारणं

आकडे आले की मुलांना लगेच कामाला लागायचं असतं: पत्रकं वाटू, भांडी घासू. त्यांना एक आठवडा थांबवा. फळ्यावर सापडलेली गोष्ट लिहा आणि तिच्याखाली "असं का?" विचारत खाली उतरा.

अळ्या कुठे जास्त? रांजणात आणि पिंपात. ती भांडी आठवड्यातून रिकामी का होत नाहीत? पाणी वाया जाईल म्हणून. पाण्याची एवढी भीती का? नळ चार-पाच दिवसांनी येतो आणि कधी येईल ते कुणाला माहीत नसतं. माहीत का नसतं? वेळ ठरलेली नाही, वीज असेल तेव्हा पंप चालतो. वरच्या वस्तीत अळ्या सगळ्यात जास्त का? तिथे नळाला दाबच नाही, बायका मिळेल तेव्हा मिळेल तितकं भरून ठेवतात.

वर्ग शांत झाला. फेरीत आम्ही ज्या बायांना "स्वच्छता पाळा" असं ओरडून सांगत होतो, त्या अस्वच्छ नव्हत्याच. त्या पाण्याची काळजी घेत होत्या. सेवा आणि सामाजिक कृती यांतला फरक मुलांना इथे कळतो, तो व्याख्येनं सांगून कळत नाही. भांडं घासून देणं ही सेवा. भांडं भरून का ठेवावं लागतं हे शोधून ते बदलायला लावणं ही सामाजिक कृती. दोन्ही करायचं, पण दुसरं टाळून पहिल्यावर थांबायचं नाही.

कृती: घरात, आळीत आणि ग्रामपंचायतीत

मुलांनी तीन पातळ्या ठरवल्या. पहिली, स्वतःच्या घरी दर शनिवारी कोरडा दिवस. चार आठवडे आधी आपल्या घरी करून मगच दुसऱ्याला सांगायचं, हा नियम मुलांचाच. गाडगेबाबा आधी खराट्यानं गाव झाडायचे आणि कीर्तन त्यानंतर करायचे, याची आठवण एका मुलानं करून दिली.

दुसरी पातळी आळीची. इथे बोलण्याचा सराव लागतो. वर्गात एकानं आजी व्हायचं, एकानं चिडलेला काका आणि तिसऱ्यानं संवाद करायचा. "आजी, तुमच्या रांजणात अळ्या आहेत" असं सुरू केलं की आजी दुखावते. "आजी, आम्हाला रांजण बघायला शिकवलंय, तुमचा दाखवता का?" असं विचारून ताटलीत अळी दाखवली की आजी स्वतः शेजारणीला हाक मारते. पाणी ओतून द्यायला लोक तयार नसतात, म्हणून मुलांनी पर्याय सुचवले: पाणी फडक्यानं गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, रांजण घासा, पुन्हा भरा, तोंडाला फडकं घट्ट बांधा. वापराच्या मोठ्या हौदांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातून गप्पी मासे मिळाले. ते ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत, तिथल्या मूळच्या माशांना ते त्रासदायक ठरतात.

तिसरी पातळी ग्रामपंचायतीची. मुलं मतदार नसल्यानं ग्रामसभेत त्यांना मत नसतं. पण सरपंचांच्या परवानगीनं ती आपली माहिती मांडू शकतात. त्यासाठी दोन-तीन आठवडे आधी अर्ज द्या आणि विषय विषयपत्रिकेवर घ्यायची विनंती करा. अर्ज मुलांनीच लिहायचा, मसुदा शिक्षकानं सुधारायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे: हे वाचून सरपंचांना नेमकं काय करायचं ते कळेल का? एका अर्जात एकच मागणी. आमच्या मुलांनी आधी नऊ मागण्या लिहिल्या होत्या, शेवटी दोन उरल्या, म्हणून अर्जही दोन: नळाचं वेळापत्रक ठरवून फळ्यावर लावावं आणि वरच्या वस्तीला आधी पाणी सोडावं. अर्ज दोन प्रतींत करा, आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन या. आपल्याकडे पोच आहे म्हटल्यावर मुलांचा आवाज बदलतो.

पंधरा ऑगस्ट आणि दोन ऑक्टोबरला बहुतेक गावांत ग्रामसभा असते. आम्ही दोन ऑक्टोबर धरला. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी तेवढे लोक लागतात. अनेकदा तेवढेही जमत नाहीत. म्हणून मुलांनी आदल्या आठवड्यात आळीत फिरून आया, मावश्या आणि आज्यांना यायचं आग्रहाचं निमंत्रण दिलं. मांडणी सहा मिनिटांची: दोघं बोलणार, एक जण नकाशा धरणार, एक ताटली फिरवणार. भाषण पाठ करायचं नाही, हातात फक्त आकड्यांचा कागद. ज्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला होता, तिनं बोलावं असं मला मनातून वाटत होतं. मुलांनी वरच्या वस्तीतल्या, वर्षभर वर्गात न बोललेल्या मुलाला निवडलं, कारण पाणी त्याच्या घरी येत नव्हतं. त्यांचा निर्णय माझ्यापेक्षा चांगला होता.

उत्तर मिळालं नाही तर? महिनाभरानं स्मरणपत्र द्या. मग गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे जा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायची वेळ आली तर तो शिक्षकानं किंवा पालकानं आपल्या नावानं करावा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस, आणि आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. अर्ज वाचायला, उत्तर समजून घ्यायला मुलं असावीत, पण त्यावरचं नाव मोठ्यांचं असावं.

बिघडतं तेव्हा

हमखास बिघडतं. आमच्याकडे एका माणसानं "पोरांना राजकारण शिकवता का?" म्हणून शाळेत येऊन आवाज चढवला. मुलं खिडकीतून बघत होती. मी त्यांना बाहेर बोलावलं नाही, वही मात्र मागवली आणि त्या गृहस्थांसमोर ठेवली. त्यांच्या आळीतले आकडे बघून ते बसले, चहा घेतला आणि तासाभरानं गेले. दर वेळी असं होईल याची खात्री नाही. पण त्या वेळी समोर शिक्षक असायला हवा, एवढं आपल्या हातात आहे.

निवडणूक जवळ असेल तर जास्त जपा. कोणत्याही पक्षाच्या किंवा गटाच्या माणसाच्या हातून मुलांना वस्तू, टोप्या, शर्ट घेऊ देऊ नका आणि त्यांच्या फलकावर मुलांचे फोटो जाऊ देऊ नका. श्रेय हवं असणारी माणसं फार प्रेमानं येतात.

गटातली भांडणं वेगळी. कुणी काम केलं, कुणी नुसतं पुढे पुढे केलं, यावरून ती होतात. बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची: या आठवड्यात मला कुणाची मदत झाली. तक्रारीही निघतात, पण मदत आधी बोलून झालेली असल्यानं त्या सौम्य होऊन निघतात. एखादं मूल गळत असेल तर वर्गात विचारू नका, वाटेत गाठा. बहुतेक वेळा घरी लहान भावंडं सांभाळायची असतात किंवा शेतात काम असतं. त्याला घरून करता येईल असं काम द्या. नकाशा रंगवणं, नोंदी उतरवून काढणं हेही नेतृत्वाचंच काम आहे आणि तसं सगळ्यांसमोर म्हणा.

पुन्हा मोजणं आणि वही पुढे देणं

चार-सहा आठवड्यांनी तीच घरं, तेच रकाने, शक्य तर दुसऱ्या तुकडीनं. आकडा कमी आला की मुलं उड्या मारतात. तेव्हाच विचारायचं: हे आपल्यामुळे की पाऊस थांबला म्हणून? नववीच्या मुलांना या प्रश्नाचं उत्तर शोधता येतं. दोन आळ्यांत काम उशिरा सुरू झालेलं असेल तर त्यांचे आकडे शेजारी ठेवून बघा. आकडा कमी झाला नसेल तर तेही तसंच्या तसं गावासमोर मांडायचं. नावडता आकडा लपवायचा नाही, हा धडा मुलं आयुष्यभर जवळ ठेवतील अशी माझी आशा आहे, आणि तो आपण स्वतः पाळला तरच त्यांच्यापर्यंत पोचतो.

प्रमाणपत्रं वाटायची तर सगळ्यांना सारखी. उत्कृष्ट नेता असा पुरस्कार काढू नका.

वार्षिक परीक्षेच्या आधी शेवटची बैठक घ्या. नववीच्या मुलांनी आठवीच्या मुलांना वही, नकाशा, अर्जांच्या पोच आणि उरलेले पैसे हिशेबासह द्यायचे. वहीच्या शेवटच्या चार पानांवर त्यांनी स्वतः लिहायचं: काय जमलं, काय फसलं, गावात कोण मदत करतं, कुणाच्या घरी कुत्रा आहे. आमच्या वहीत एका मुलीनं लिहिलंय, "वरच्या वस्तीला सोमवारी आणि गुरुवारी पाणी येतं. न आल्यास फळ्याचा फोटो काढून ग्रामपंचायतीत जाणे." त्याखाली पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी पान कोरं सोडलेलं आहे. जूनमध्ये नवा गट नकाशा काढेल तेव्हा त्यांचे खडे कुठे पडतील ते ठरवायचा हक्क त्यांचा आहे. मागच्यांनी डास घेतले म्हणून यांनीही डासच घ्यावेत, असं चुकूनही सुचवू नका.